पार्सल हरवलं, पैसे कुणाचे गेले?

घरबसल्या माल विकणाऱ्या प्रत्येकाला आज ना उद्या हा प्रश्न पडतोच. पैसे आले, माल पाठवला, पावती हातात आहे, आणि पार्सल मधेच कुठेतरी नाहीसं झालं. आता नुकसान कुणी सोसायचं? नागपुरात महाल, इतवारी, धरमपेठ, प्रतापनगर अशा वस्त्यांमधून साड्या, सावजी मसाले, दागिने, जुनी पुस्तकं फोनवर विकणारे पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे दुकान नाही, वकीलही नाही. एक महागडं पार्सल गेलं की महिन्याची कमाई गेली.

आमच्या घरात या प्रश्नाचे दोन पक्ष आहेत. माझी आतेबहीण महालातल्या घरातून करवतकाठी साड्या विकते. उमरेड, भिवापूर, मोहाडी, आंधळगाव इथल्या विणकरांकडून ती माल उचलते, फोटो टाकते, ऑर्डर आली की पाठवते. दुसरा पक्ष माझ्या बाबांचा. त्यांची सगळी नोकरी रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये, नागपूरच्या एफ डिव्हिजनमध्ये गेली. चालत्या गाडीच्या डाकडब्यात रात्रभर उभं राहून त्यांनी सॉर्टिंग केलेलं आहे.

दिवाळीआधी बहिणीची एक टसरची साडी दापोलीला जाताना हरवली. कुरिअरचं ट्रॅकिंग एका शहराच्या नावावर येऊन थांबलं, ते पुढे सरकलंच नाही. साडी साडेआठ हजारांची, पाठवणावळ एकशेवीस रुपये. गिऱ्हाईक पैसे परत मागत होती आणि बहिणीला ते पटत नव्हतं.

"मामा, माझं काय चुकलं ते सांगा न," ती बाबांना म्हणाली. "साडी दिली, पावती घेतली, त्याच संध्याकाळी ट्रॅकिंग नंबर त्यांना पाठवला. माझ्या हातात होतं ते सगळं केलं. कुरिअरवाल्याच्या ताब्यात गेल्यावर ती साडी माझी राहिलीच कुठे?"

"मग कुणाची झाली?"

"त्या ताईंची. पैसे त्यांनी भरलेत, साडी त्यांची. कायदाही हेच म्हणतो. बी.कॉम.ला शिकलो आहे आम्ही."

तिचं म्हणणं खोटं नाही. मालविक्री कायदा १९३० सालचा आहे. त्याच्या ३९व्या कलमानुसार, विकणाऱ्यानं माल पाठवायचा असं ठरलेलं असेल तर तो वाहतूकदाराच्या ताब्यात देणं हे सकृतदर्शनी गिऱ्हाइकाच्याच ताब्यात देणं धरलं जातं. २६व्या कलमात तत्त्व आहे की मालकी ज्याची, जोखीम त्याची. दोन्ही जोडून वाचलं तर बहीण मोकळी होते.

बाबांनी कायद्याचं शिक्षण घेतलेलं नाही, पण पोस्टातल्या माणसाला नियम शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची सवय असते. "त्याच ३९व्या कलमाचा दुसरा भाग वाच," ते म्हणाले. "विकणाऱ्यानं वाहतूकदाराशी केलेला करार मालाचं स्वरूप पाहून वाजवी पाहिजे. तसा केला नसेल आणि माल वाटेत गेला, तर गिऱ्हाईक म्हणू शकतं की मला माल मिळालाच नाही. किंवा तुझ्याकडून भरपाई मागू शकतं. आता सांग, साडेआठ हजारांच्या साडीसाठी तू काय करार केलास? पावती दाखव."

पावतीवर 'मालाचं वर्णन' या रकान्यात 'कपडे' लिहिलं होतं. 'किंमत' हा रकाना रिकामा होता. विम्याच्या चौकटीत काहीच खूण नव्हती.

"हा रकाना कुणी भरायचा होता?" बाबांनी विचारलं. "दापोलीच्या बाईनं?"

इथे बहीण थोडी थांबली, पण मागे हटली नाही. "त्यांनीच सांगितलं होतं कुरिअरनं पाठवा म्हणून. ज्यानं वाट ठरवली, जोखीम त्याची. यावर तर सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे."

निकाल आहे, आणि तो आपल्याच मुलखातला आहे. कराडजवळच्या ओगलेवाडीचा ओगले काच कारखाना त्या काळी औंध संस्थानात होता. त्यांचे प्रभाकर कंदील घरोघरी होते, आणि भारत सरकारलाही ते कंदील पुरवत. सरकार दिल्लीहून टपालानं धनादेश पाठवी. पुढे आयकराचा वाद उभा राहिला: कंपनीला पैसे मिळाले ते कुठे? दिल्लीत धनादेश टपालात पडला तिथे, की संस्थानात तो हाती आला तिथे? सर्वोच्च न्यायालयानं १९५४ मध्ये सांगितलं की पैसे घेणाऱ्यानंच धनादेश पाठवण्याची विनंती केली असेल, मग ती उघड असो वा व्यवहारातून दिसणारी, तर टपाल खातं हे घेणाऱ्याचं प्रतिनिधी ठरतं. तशी विनंती नसेल तर ते पाठवणाऱ्याचं. कंपनीनं बिलावरच धनादेश पाठवा असं लिहिलं होतं, म्हणून पैसे दिल्लीतच मिळाले असं धरलं गेलं.

"म्हणजे विनंती कुणाची होती, हा खरा मुद्दा," बाबा म्हणाले. "फोन आण. काय बोलणं झालं ते पाहू."

बोलणं असं झालं होतं. गिऱ्हाइकानं विचारलं, 'कसं पाठवाल?' बहिणीनं लिहिलं, 'पोस्ट किंवा कुरिअर, दोन्ही आहे.' त्यावर उत्तर आलं, 'जे लवकर पोचेल ते करा.' कोणतं कुरिअर, किती दर, विमा करायचा की नाही, यातलं काही तिला विचारलं गेलं नव्हतं आणि तिनं सांगितलंही नव्हतं.

"ही विनंती म्हणायची का?" बाबांनी विचारलं. "तिनं तुझ्यावर सोपवलं. ओगल्यांच्या खटल्यात दोन्हीकडे जाणती माणसं होती. एकीकडे सरकार, दुसरीकडे कारखाना. शिवाय कागद हरवला तर दुसरा धनादेश काढता येतो. तुझी साडी दुसऱ्यांदा कोण विणून देईल?"

मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. दोन व्यापाऱ्यांमधल्या, दोन तोलामोलाच्या पक्षांमधल्या व्यवहारासाठी केलेले नियम आपण जसेच्या तसे उचलून एका घरबसल्या गिऱ्हाइकाला लावतो. १९३०चा आपला कायदा इंग्लंडच्या १८९३च्या कायद्यावर बेतलेला आहे. वाहतूकदाराला दिलं म्हणजे गिऱ्हाइकाला दिलं, हे तत्त्व तिथूनच आलं. पण खुद्द इंग्लंडनं सामान्य ग्राहकापुरतं ते बदललं. तिथल्या २०१५च्या ग्राहक हक्क कायद्यात साफ लिहिलेलं आहे की माल ग्राहकाच्या प्रत्यक्ष हातात पडेपर्यंत जोखीम व्यापाऱ्याची. ग्राहकानं स्वतःचा वाहतूकदार स्वतः नेमला असेल तेवढाच अपवाद. युरोपीय संघानं २०११च्या निर्देशात हेच केलं. आपल्याकडे एवढी स्पष्ट ओळ अजून कुठल्याच कायद्यात आलेली नाही.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आणि त्याखालचे २०२०चे ई-कॉमर्स नियम मात्र त्या दिशेनं जातात. सांगितलेल्या मुदतीनंतर माल आला तर तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला विकणारा नकार देऊ शकत नाही. आवाक्याबाहेरची आपत्ती असेल तर गोष्ट वेगळी. मग जो माल कधी आलाच नाही, त्याचे पैसे ठेवून घेण्याचं समर्थन कसं करणार? तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची, महिन्याभरात ती सोडवायची, हेही त्याच नियमांत आहे. आणि तक्रार गिऱ्हाईक आपल्याच जिल्ह्यात करू शकतं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. म्हणजे त्या बाई उद्या रत्नागिरीच्या जिल्हा आयोगात गेल्या, तर उत्तर द्यायला बहिणीला तिथे उभं राहावं लागेल.

"हे नियम मोठ्या कंपन्यांसाठी आहेत, मामा. मी घरून विकते."

"घरून विकते, पण रोज विकते न? एखाद्यानं आपलं जुनं टेबल एकदा विकलं, तर त्याला हे नियम नाहीत, हे मला मान्य आहे. तो काही व्यापारी नाही. त्यानं समोरच्याला आधी सांगावं की बाबा, पाठवतो, पण वाटेत गेलं तर तुझं. दोघं बरोबरीचे आहेत, तुझं ३९वं कलम तिथे शोभतं. तू आठवड्याला गठ्ठे पाठवतेस. तुला कळतं कोणतं कुरिअर कुठे अडतं. त्या बाईला काय माहीत?"

मग बाबांनी व्ही.पी.ची गोष्ट काढली. आपल्या टपाल खात्यात ती १८७७ला सुरू झाली. पोस्टमननं पार्सल द्यायचं, पैसे घ्यायचे, ते विकणाऱ्याला पोचवायचे. मराठी प्रकाशकांनी, मासिकांनी, औषधवाल्यांनी पिढ्यान् पिढ्या या वाटेनं धंदा केला. "व्ही.पी. कुणी सोडवली नाही तर ती परत यायची आणि जाण्यायेण्याचा खर्च पाठवणाऱ्याच्या बोकांडी बसायचा. हाती पडल्याशिवाय कुणी पैसे देत नव्हतं. हरवलेल्या पार्सलचे पैसे गिऱ्हाइकाला मागायचे, ही गोष्ट आम्ही ऐकलीच नव्हती. आता पैसे आगाऊ येतात म्हणून तुम्ही लोक जबाबदारीही पुढे ढकलून राहिले."

यावर बहिणीचा आवाज चढला. तिथून पुढचं तिचं बोलणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

"मामा, तुम्ही सगळं माझ्या माथी मारून राहिले. चुकलं ते कुरिअरकडून. साडी त्यांनी हरवली. मग पैसे मी द्यायचे आणि त्यांनी काय द्यायचं? विणकराचे पैसे मी आधीच चुकते केलेत. माझा नफा या साडीमागे हजार-बाराशे. साडेआठ हजार परत दिले तर पुढच्या कितीतरी साड्या मी फुकट विकायच्या. तुम्ही ग्राहकाचा विचार करता, करा. पण या साखळीत सगळ्यात लहान मीच आहे."

बाबा लगेच काही बोलले नाहीत. उत्तर कायद्यात आहे, आणि ते उत्साह वाढवणारं नाही. सडकेनं होणाऱ्या मालवाहतुकीसाठी २००७चा कायदा आहे आणि घरपोच सेवा देणारी कुरिअर कंपनी त्यात येते. वाहतूकदाराचा निष्काळजीपणा तुम्हाला सिद्ध करावा लागत नाही, ही त्यातली चांगली बाजू. पण किंमत आधी जाहीर केलेली नसेल, तर भरपाई भाड्याच्या दहापटीवर थांबते. एकशेवीसचे दहापट बाराशे. मागणीची नोटीस १८० दिवसांच्या आत द्यावी लागते, नाहीतर दारच बंद. पावतीवरच्या बारीक अक्षरातल्या अटींबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा १९९६चा निकाल आहे, भारती निटिंग कंपनीचा. कंपनीनं जर्मनीला पाठवलेली कागदपत्रं पोचली नाहीत, मोसम गेला, माल कमी भावात गेला. पण सही केलेल्या कागदावर जबाबदारीची मर्यादा १०० डॉलर छापली होती, आणि तेवढेच मिळाले.

"मग मी पुढच्या वेळेपासून पोस्टानं पाठवते," बहीण म्हणाली. "सरकारी आहे, भरवशाचं आहे."

"भरवशाचं आहे," बाबा म्हणाले, "पण भरपाईच्या बाबतीत पोस्ट तर कुरिअरच्याही पुढे आहे."

१८९८चा भारतीय टपाल कायदा. त्याचं सहावं कलम असं की टपालातली वस्तू हरवली, चुकीच्या हाती गेली, उशिरा पोचली किंवा खराब झाली, तर सरकारनं स्वतःहून स्पष्टपणे स्वीकारलेल्या जबाबदारीपलीकडे ते काही देणं लागत नाही. कर्मचाऱ्यानं लबाडी केली किंवा मुद्दाम नुकसान केलं तरच तो सापडतो. स्पीड पोस्टसाठी वर्षानुवर्षं चालत आलेली भरपाई म्हणजे पाठवणावळीची दुप्पट किंवा एक हजार रुपये, यातली कमी असेल ती. एकशेवीसची दुप्पट दोनशेचाळीस. २०२३मध्ये नवा टपाल कायदा आला, १८ जून २०२४पासून तो लागू झाला. इंग्रजांचा कायदा गेला, पण ही सूट दहाव्या कलमात तशीच राहिली. नियमांत जेवढी ठरवून दिली तेवढीच जबाबदारी, त्यापलीकडे नाही.

"हे तुम्हाला पटतं, मामा?"

बाबांनी आपल्या खात्याची बाजू मनापासून मांडली. "पोस्ट कुणाला नाही म्हणत नाही. भामरागडचा पत्ता असो की मुंबईचा, घ्यावंच लागतं. आत काय आहे ते आम्ही उघडून पाहू शकत नाही. एकजण दगड टाकून सोनं होतं म्हणेल. प्रत्येक हरवलेल्या वस्तूची पूर्ण किंमत द्यायची म्हटलं तर दर कुठे जातील? ज्याला किंमत जपायची आहे त्यानं विमा करावा, ती सोय पूर्वीपासून आहे. विम्याच्या पार्सलला मांजरपाट शिवून, शिवणीवर ठरावीक अंतरानं लाखेचे शिक्के मारून घ्यायचो आम्ही. ते एका हातातून दुसऱ्या हातात सहीनं जायचं." मग त्यांनी नागपूरचं सांगितलं. १९४९मध्ये रात्रीची विमानडाक सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशा चारी दिशांची विमानं मध्यरात्रीनंतर सोनेगावच्या विमानतळावर एकत्र यायची, थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि उजाडायच्या आत ती आपापल्या गावी परतायची. बाबांच्या ज्येष्ठांनी त्या रात्री पाहिल्या होत्या. "साऱ्या देशाची डाक इथे हात बदलत होती. सरकारी सूट आहे म्हणून कुणी थैली निष्काळजीपणे फेकत नव्हतं."

बाबांच्या या अभिमानाचा मला आदर आहे. पण त्यांच्या खात्याच्या बाजूनं त्यांनी दिलेलं उत्तर मला मान्य नाही. एका दरात दूरच्या गावचं पत्र पोचवणारं खातं ही सार्वजनिक सेवा होती आणि तिला संरक्षण हवं होतं. ऑनलाइन विक्रीची पार्सलं हा धंदा आहे. त्यासाठी खातं खाजगी कुरिअरशी स्पर्धा करतं, विक्रेत्यांना आपल्याकडे बोलावतं, दरपत्रकं छापतं. धंदा करायचा तर धंद्याची जोखीमही घ्यावी. निदान जाहीर केलेल्या किमतीवर थोडासा अधिभार घेऊन पूर्ण भरपाईची हमी काउंटरवरचा माणूस स्वतःहून विचारून देईल, एवढं तरी नव्या कायद्याच्या निमित्तानं करता आलं असतं. खाजगी कुरिअरच्या दहापटीच्या मर्यादेलाही हेच लागू आहे. रिकामा सोडलेला किमतीचा रकाना कंपनीच्या फायद्याचा असतो, म्हणून तो भरा असं कुणी सांगत नाही.

पण वरची साखळी अन्यायाची आहे, म्हणून तो अन्याय खाली दापोलीपर्यंत ढकलायचा, हे बहिणीचं म्हणणंही मला मान्य होत नाही. कुरिअर निवडण्याचा अधिकार तिला होता, रकाना भरण्याचा होता, विम्याचे पैसे साडीच्या किमतीत धरण्याचा होता. हरवल्यावर कंपनीकडे दाद मागण्याची पावतीही तिच्याच नावाची आहे. गिऱ्हाइकाच्या हातात यातलं एकही साधन नव्हतं. कंपनीच्या फोनवर तिला आधी हेच सांगितलं जातं की पाठवणाऱ्याला बोलायला सांगा.

हे बोलणं चालू असताना बाबांनी दिवाणावरचं एक तयार पार्सल उचललं. ते यवतमाळला जायचं होतं. पत्ता घरच्या प्रिंटरवर साध्या कागदावर छापून वर एक चिकटपट्टी मारलेली. बाबांनी अंगठा पाण्यात बुडवून पत्त्यावरून फिरवला. शाई पसरली आणि पिनकोडचे शेवटचे दोन आकडे एकमेकांत मिसळले.

"हे पावसात एका ट्रकमधून उतरून दुसऱ्यात चढलं की संपलं," ते म्हणाले. "पहिल्या तीन आकड्यांवरून ते जिल्ह्यापर्यंत जाईल. पुढचे तीन पोस्ट ऑफिसचे. ते गेले तर सॉर्टर काय करणार?" पिनकोडची सहा आकड्यांची रचना श्रीराम भिकाजी वेलणकर या टपाल खात्यातल्या मराठी अधिकाऱ्याची; १५ ऑगस्ट १९७२पासून ती चालू आहे. एका नावाची अनेक गावं असलेल्या देशात ती किती कामाची आहे, हे बाबा प्रत्येक पाहुण्याला सांगतात. "पूर्ण पत्त्यावर पारदर्शक पट्टी मार. तुझा पत्ता मागच्या बाजूला लिही. आणि आत, साडीच्या घडीवर, दोन्ही पत्त्यांची आणखी एक चिठ्ठी टाक. वरचं लेबल निघालं की ज्यांना मालक नाही अशा वस्तूंत पार्सल जातं. मग ते रिटर्न्ड लेटर ऑफिसमध्ये उघडतात. आत चिठ्ठी सापडली तर ते घरी येतं. चोरी होते, नाही असं नाही. पण माझ्या काळात हरवलेल्यांत अशीच जास्त होती."

बहिणीनं ते पार्सल तिथेच उघडून पुन्हा बांधलं. दापोलीच्या बाईंना तिनं दुसऱ्या दिवशी पूर्ण पैसे परत केले. हे तिला पूर्णपणे पटलं होतं असं मी म्हणणार नाही. अर्धे-अर्धे वाटून घ्यावे असं ती शेवटपर्यंत म्हणत होती, आणि बाबा म्हणत होते की न मिळालेल्या साडीचे अर्धे पैसे कुणी का द्यावे.

तिच्या ऑर्डरच्या संदेशात, इतर विक्रेत्यांचं पाहून घेतलेली एक ओळ होती: 'कुरिअरकडे दिल्यानंतर आमची जबाबदारी नाही.' ती तिनं काढली. आता तिथे लिहिलं आहे की साडी हाती पडेपर्यंत जबाबदारी आमची. पाठवण्याआधी पत्ता, पिनकोड आणि फोन तुमच्याकडून तपासून घेऊ. तुम्ही दिलेला पत्ता चुकल्यामुळे पार्सल परत आलं तर पुन्हा पाठवण्याचा खर्च तुमचा. पाच हजारांवरच्या साडीचा विमा आम्ही करतो आणि तो किमतीत धरलेला आहे. साडीची किंमत त्यामुळे थोडी वाढली. पत्त्याच्या अटीवर बाबांनी हरकत घेतली नाही. ती चूक खरोखरच घेणाऱ्याच्या हातातली असते.

कुरिअर कंपनीला नोटीस मात्र त्या दोघांनी मिळून लिहिली, १८० दिवसांच्या मुदतीत. रक्कम किती मागायची यावर पुन्हा वाद झाला. बाबा म्हणाले, "बाराशेच मिळतील, किंमत लिहिली नव्हतीस." बहिणीनं साडेआठ हजार अधिक एकशेवीस मागितले. "पार्सल कोणत्या गोदामातून, कोणत्या तारखेला नाहीसं झालं, ते त्यांनी आधी लेखी सांगावं," ती म्हणाली. "मग बाराशे का, हेही लेखीच सांगावं."